आधी तीन गोष्टी, मग नाव

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि तुमच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. तुम्ही काचेवर बोटं उमटवता आणि दोन क्षणांत ‘काहीच दिसत नाही’ म्हणून मला शेजाऱ्याच्या हाती देता. दिसायला आधी थांबावं लागतं, हे तुमच्या गावीही नसतं.

माझ्यासोबत घडवलेल्या कित्येक दुर्बिणी शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावण्यात वाया गेल्या. मी एका निसर्गशिक्षकाच्या गळ्यात पडले. एकोणतीस वर्षं सर मुलांना तळ्याकाठी नेत. त्यांचा नियम एकच होता. पक्षी दिसला की आधी त्याच्याविषयी तीन गोष्टी सांगायच्या, मग नाव विचारायचं. “नाव कळलं की माणूस बघायचं सोडतो,” असं ते म्हणत. घाई करणाऱ्याला रांगेच्या शेवटी जावं लागे.

शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं. रोज सकाळी ते मला घेऊन खिडकीशी बसत. “बसले पक्षी बघत,” बाई, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणत. खिडकीसमोर एकही झाड नव्हतं, पण कुणी कशाला बघतंय? माझं फोकसचं चाक ते फिरवेनात, एकाच अंतरावर ठेवत. शेवटी ते तिथेच गंजून बसलं.

सर गेले. शोकसभेत निसर्ग केंद्राचे संचालक अर्धा तास बोलले. हे गृहस्थ एकदाच तळ्यावर आले होते आणि पाणकावळ्याला बदक म्हणाले होते आणि बुटाला चिखल लागताच परत गेले होते. “सरांनी निसर्गासाठी घरादारावर पाणी सोडलं,” असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. सरांच्या लेकीनेही डोलावली, याचा मला जास्त राग आला.

चौथ्या दिवशी संचालक मला न्यायला घरी आले. काचेचं कपाट तयार होतं म्हणे. जिच्यातून बघायचं, तिच्याकडेच लोकांनी बघत बसायचं, ही अक्कल त्यांचीच.

“घेऊन जा,” लेक म्हणाली. “बाबांना पक्षी दिसायचे. आम्ही कुठे दिसायचो?”

“चालते ना पण?” संचालकांनी विचारलं.

तिने मला खिडकीशी नेऊन डोळ्यांना लावलं. चाक फिरवून पाहिलं, ते हललं नाही. ती तशीच बघत राहिली.

“काय दिसतंय, ताई?”

“निळा खांब,” ती म्हणाली. मग थांबून, “मोडका बाक. एका फळीचा.” बऱ्याच वेळाने म्हणाली, “आणि रांग. ऑफिसच्या बसची.”

“कसली जागा आहे ती?”

“माझा बसस्टॉप.”

आतून बाई म्हणाल्या, “तुझी बस सुटली की मगच चहा घ्यायचे ते. मला वाटलं, तुला माहितीये.”

लेकीने मला खाली ठेवलं नाही. “ही मी देणार नाही,” ती म्हणाली. संचालक चहा न घेताच गेले.

तेव्हा मित्रांनो, मला सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, मऊ फडकं घ्या. आणि माझं चाक दुरुस्त करायला कुणी पुढे आलंच, तर त्याला आधी रांगेच्या शेवटी पाठवा.