बेबीच्या आईचा घास

मी मेले तेव्हा आसामातल्या लष्करी इस्पितळात थर्मामीटर झाडत होते. हे मला कळलं माहेरी, टिळकवाडीत, पंचेचाळीसच्या दिवाळीआधी, टांग्यातून उतरल्यावर. विद्युल्लतावहिनीच्या हातून सूप पडलं आणि ती माझ्या पायांकडे बघत राहिली. पाय सुलटे होते, नर्सच्या बुटांत.

"वन्सं, तार आलती हो," ती रडत म्हणाली. "ह्यांनी दिवससुद्धा केले."

माझ्याच नावाची दुसरी कुणी नर्स गेली होती बिचारी. नंतर आलेली माझी पत्रं फोडायचा कुणाला धीर झाला नव्हता. विधवेनं पलटणीत जाऊ नये म्हणणाऱ्यांनी माझ्या तेराव्याला मात्र आडवा हात मारला असणार!

मला त्याचं काही नव्हतं. रजा दहा दिवसांची होती आणि तेवढ्यात लेक परत माझी करायची होती. तीन वर्षांची सोडून गेले होते, आता साडेपाचची झाली होती. दारात उभी राहून ती मला न्याहाळत होती.

"बेबी, मी आई गं."

"आई मागल्या दारी येते," ती म्हणाली. "रोज जेवायला."

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. "दहाव्याला कावळा लई वेळ शिवेना बघा. बेबीला पोटच्या पोरीसारखी सांभाळीन म्हटलं, तेव्हा शिवला. हिनं बघितलं ते. तेव्हापास्नं रोज घास ठेवते."

माझ्या अंगावर काटा आला. मी तर जिवंत होते. मग माझ्या लेकीसाठी अडून बसलं होतं ते कोण?

दुपारी बेबीनं परसातल्या दगड रचलेल्या गडग्यावर पान मांडून दहीभात ठेवला. "आई, ये गं!"

"आले," मी म्हणाले.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. एक डोमकावळा गडग्यावर उतरला, पण भाताला शिवेना. मान वाकडी करून माझ्याकडेच बघत राहिला, ओळख असल्यासारखा. माझं डोकं फिरलं. मी बूट काढून फेकला, भात खाली सांडला.

"आई!" बेबी किंचाळली आणि उडालेल्या कावळ्यामागं धावली. गडग्याशी पडली, गुडघे फुटले. मी उचलायला गेले तर हात झिडकारून आभाळाकडे बघत हुंदके देऊ लागली. आईविना पोर कशी रडते ते मी तेव्हा पाहिलं.

मला बघवेना. मी तिच्याशेजारी मातीत बसले, सांडलेला भात पानावर गोळा केला आणि वर बघून हाक मारली, "आई, ये गं. बेबी वाट बघतीय."