सव्वा मूठ गहू

काजल दोन महिने चुलतसासू तापीबाईच्या पुढच्या खोलीत राहत होती. तिचं स्वतःचं घर तिथून चौथं. ओट्यावर उभं राहिलं की घराचा निळा दरवाजा दिसायचा, म्हणून ती ओट्यावर फारशी उभी राहत नसे.

ज्येष्ठात नवऱ्याने, भूपेशने, तिचा हात मोडला. त्या दुपारी शेजारची अंगणवाडी सेविका सीमा तिला रिक्षात घालून शहाद्याला घेऊन गेली. प्लास्टर झालं. मग सीमाच तिला संरक्षण अधिकारी बाईंकडे घेऊन गेली आणि अर्ज दाखल झाला. काजलचं मागणं एकच होतं: आपल्या घरात राहायचं, मार न खाता. भूपेशने उत्तर दिलं, बायको जिन्यावरून पडली. कोर्टाची तारीख पडली श्रावणातल्या एका मंगळवारची. घरातल्या कुणी पाहिलेलं सांगितलं तर बरं, असं अधिकारी बाई म्हणाल्या होत्या.

भाऊबंदकीतल्या बायका तोंडाने काही बोलत नव्हत्या. हातांनी मात्र बरंच करत होत्या. कुणी काजलच्या साड्या धुण्याच्या बादलीत लपवून आणून दिल्या. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी भाजीची टोपली घेऊन तापीबाईच्या ओट्यावर बसायचं, भूपेश आलाच तर एकटी सापडू नये म्हणून.

"मेथी सरनी व," फुलवंताबाई एकदा म्हणाली. "भूपेश मातर उना नही. उद्या काय निवडू, खडा?"

पण साक्ष द्यायचं नाव काढलं की टोपल्या उचलल्या जायच्या. आपल्याच रक्ताविरुद्ध कोर्टात कोण उभं राहणार? तापीबाईही म्हणायची, "मी अडाणी बाई. अन मी तुमना घरमा नही व्हतू."

नागपंचमी झाली आणि कानबाईचा रविवार आला. आदल्या शनिवारी रोटांचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे असतात. भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ. सुरतेला नोकरीला गेलेल्याचीही मूठ पडते, पाळण्यातल्या पोराचीही. फक्त मेलेल्याची पडत नाही. मोजायचं सगळ्यात वडील बाईने, म्हणजे तेवीस वर्षं तापीबाईनेच.

उखाच्या पडवीत सगळे जमले. उखा हा तापीबाईचा धाकटा दीर, भूपेशचा बाप. काजल मागे खांबाला टेकून बसली होती. मोडलेला हात आता प्लास्टरबाहेर होता, पण मूठ नीट वळत नव्हती.

"उखा," म्हणत तापीबाईने पहिली मूठ सुपात टाकली, वर पाव मूठ. "शिवाजी. ललित. उदेसिंग." गहू पडत होते, नावं पडत होती. रूपाच्या महिन्याच्या पोराचं अजून बारसं झालं नव्हतं. त्याला नुसतं "बाळ" म्हटलं. मग तिची मूठ थांबली. "काजल," ती म्हणाली आणि गहू सोडले.

"वहिनी, इसरनी का?" उखा हसत म्हणाला. "भूपेश ऱ्हायना."

"इसरनू नही. त्या घरनी मूठ मी मोजी."

उखाचं हसू ओसरलं. "बाईना नावनी मूठ कधी व्हस का?"

"नही व्हस. आते व्हयनी."

भूपेश दारात उभा होता. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले आणि लगेच खाली गेले. तो जिवंत होता, समोर होता, आणि सुपात नव्हता. काजलने त्याचा चेहरा एवढा पांढरा कधी पाहिला नव्हता.

"भाऊबंद हसतीन आपलाले," उखा म्हणाला.

"ती पोर दोन महिनाफाईन मन्हा घरमा शे," तापीबाई म्हणाली. "तवय कोनी हसनं नही. रडनं बी नही."

भूपेश आईकडे वळला. बेबीबाई वयाने तापीबाईच्या खालोखाल. "माय, तू मोज परत."

बेबीबाई उठली. पडवीत कुणी हलेना. काजलला सासूची पाठ तेवढी दिसत होती. त्या दुपारी मागोमाग दवाखान्यात येऊन याच बाईने डॉक्टरला सांगितलं होतं, सून पडली. बेबीबाई सुपाशी वाकली. गव्हात हात घातला, तसाच ठेवला. मग सूप उचलून गहू डब्यात ओतले आणि झाकण दाबलं.

"मोजेल गहू परत मोजतस नही," ती म्हणाली. "काजल, चाल. चक्की बंद व्हई जाई."

भूपेश वाटेत होता. फुलवंताबाई उठली, सीमा उठली, रूपा पोराला घेऊन उठली. त्याला बाजूला व्हावं लागलं.

चक्कीपर्यंत डबा दोघींनी धरला, एक कडी एकीने, दुसरी दुसरीने. दळण झालं. पीठ गरम होतं. बेबीबाईने झाकण अर्धं उघडं ठेवलं.

"मंगळवारले कितला वाजता जानं शे?"

"कोठे?"

"शहादाले. कोर्टमा."

"तुम्ही कसाले येतस?"

"तू जिनावरथीन पडनी नही, हाई सांगाले. मी चुल्हापान व्हतू." तिने कपाळावरचं पीठ पदराने पुसलं, ते आणखी पसरलं. "डॉक्टरले तवय खोटं सांगं. आते खरं सांगसू."

रविवारी कानबाई बसली, सोमवारी तापी नदीत विसर्जन झालं. मंगळवारी सकाळी जीपमध्ये सीमा, काजल आणि बेबीबाई बसल्या. तापीबाई न बोलावता येऊन पुढच्या सीटवर बसली. ड्रायव्हरने विचारलं, "आजी, तुम्ही कोठे?"

"मूठ मी मोजी," ती म्हणाली. "कोनी इचारं तर सांगाले मी नको का?"

तिला कुणी विचारलं नाही. बेबीबाईचं सांगणं पुरलं. तिसऱ्या दिवशी आदेश आला: निकाल लागेपर्यंत काजल घरात राहील, भूपेशने त्या घरात पाऊल टाकायचं नाही. तो खळ्यातल्या खोलीत राहायला गेला.

रोटांचं पीठ पुनवेच्या आत संपवावं लागतं. काजल निळ्या दरवाजातून आत आली तेव्हा बेबीबाईने परात मांडली होती. सव्वा मूठभर पीठ बाजूला वाटीत काढलेलं होतं.

"हाई तुन्हं," ती म्हणाली. "मळ."

काजलने डाव्या हाताने मळायला घेतलं. उजवा अजून साथ देत नव्हता. बेबीबाईने पाणी घातलं.