टोरांटोहून येणारा पार्ट

तिसऱ्या रांगेत चांदीचा कागद चुरचुरला आणि मान वर न करताच लारिसाला कळलं, गिदोंनी, तिच्या युक्रेनियन आजोबांनी, पेपरमिंटची गोळी उघडली. आजोबा इथे यायचेच नव्हते. पण आईला त्यांना दिवसभर घरी एकटं ठेववेना, म्हणून ती त्यांना लारिसाच्या स्पर्धेला विनिपेगपर्यंत घेऊन आली. आणि नात स्टेजवर बसणार म्हटल्यावर गिदोंनी ठेवणीतला कोटही चढवला.

"पुढचं प्रकरण," सूत्रसंचालक बाईंनी पाकिटातली चिठ्ठी वाचली, "वृद्ध चालक."

लारिसाला नेमकं हेच नको होतं. सगळी प्रकरणं शाळांना आधीच मिळालेली असतात, त्यातलं कुठलं निघेल तेवढं माहीत नसतं. हे प्रकरण तिनं हट्टानं स्वतःकडे मागून घेतलं होतं. एका गृहस्थाचं गाडी चालवणं वयामुळे धोक्याचं झालं, तेव्हा घरच्यांनी गाडी गुपचूप बंद पाडली आणि ती बिघडलीय असं त्यांना सांगितलं. घरच्यांचं बरोबर का चूक?

नीतिचर्चेची स्पर्धा म्हणजे वादविवाद नव्हे. वादविवादात बाजू वाटून दिलेली असते, तिच्याआड लपता येतं. इथे आपल्याला पटतं तेच बोलायचं आणि का पटतं ते सांगायचं. "परीक्षक तुमचं उत्तर नाही, तुमचा प्रामाणिकपणा बघतात," असं फ्रीसेन सर वर्गात नेहमी म्हणत. लारिसानं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. आत्ता तिला त्या वाक्याचा संताप आला.

विचारविनिमयाची वेळ सुरू झाली तशी संघातल्या तिघांनी डोकी जवळ आणली.

"हे तुझं. बोल तू," सिमरत कुजबुजली.

"मी नाही. कुणीतरी दुसऱ्यानं बोला."

"वेडी आहेस का? अख्खा हिवाळा ह्या म्हाताऱ्यावरून आमचं डोकं खाल्लंस!"

"ब्रॉडी, तू बोल. प्लीज."

ब्रॉडीला माइक मिळाला की बाकी काही नको असतं. त्यानं खुशीत मान डोलावली. बिचाऱ्याला काय ठाऊक? लारिसानं घरातलं सगळं वर्गात नेलं होतं खरं, पण प्रत्येक वेळी 'समजा' म्हणून. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या पोरांना ही खोडच लागते. आईबापांची भांडणं, स्वतःची पापं, सगळं 'समजा'च्या टोपलीखाली झाकून खुशाल चारचौघांत मांडायचं.

"समजा," ब्रॉडी उभा राहून म्हणाला, "एक आजोबा आहेत. त्यांची एक निळी पिकअप आहे. घरच्यांनी तिची बॅटरी काढून तळघरात बटाट्याच्या पोत्यांमागे लपवलीय आणि आजोबांना सांगितलंय, पार्ट टोरांटोहून यायचाय. आजोबा रोज सकाळी विचारतात, पार्ट आला का? आणि गंमत ऐका. इंजिन गारठू नये म्हणून रोज संध्याकाळी ते बाहेर जाऊन गाडीची वायर प्लगला लावतात. बॅटरी नसलेल्या गाडीची!"

सभागृह हसलं. लारिसा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. निळा रंग तरी बदलायचा होता. तेवढंही तिला सुचलं नव्हतं.

शेवटी तिनं समोर पाहिलं. आई दाराकडे डोळे लावून बसली होती, जणू तिथून पळताच येणार होतं. गिदोंचा जबडा थांबला होता. मग तो पुन्हा हळूहळू हलू लागला. ऑक्टोबरमध्ये ह्याच गिदोंनी शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर पिकअप तशीच पुढे दामटली होती. एक मुलगी थोडक्यात वाचली. गिदोंना ती दिसलीच नव्हती, आणि हे त्यांना सांगायला घरात कुणाची जीभ रेटली नव्हती.

ब्रॉडीचं बोलणं संपलं. परीक्षकांपैकी चष्मेवाले गृहस्थ पुढे वाकले.

"अजून न बोललेल्या विद्यार्थिनीला विचारतो. ह्या आजोबांना खरं कळायला हवं का?"

नाही म्हटलं तर ती खोटं बोलत होती. हो म्हटलं तर इतके महिने खोटं बोलत आली होती, आणि ते ज्यांच्याशी बोलली ते समोर बसले होते. लारिसानं माइक जवळ ओढला.

"हवं," ती म्हणाली.

"का?"

"कारण ते विचारतात. रोज विचारतात. विचारणाऱ्याला आपण खोटं उत्तर देतो तेव्हा त्याला वाचवत नसतो. स्वतःला वाचवत असतो."

टाळ्या पडल्या. ती फेरी त्यांनी जिंकली. सिमरतनं तिला मिठी मारली तेव्हा लारिसाला रडू येत होतं आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

परतीच्या वाटेवर गाडी आईच चालवत होती. दोन्हीकडे पांढरी सपाट शेतं, मध्ये रस्ता. "टाटो, हीटर वाढवू का?" एवढं आईनं वडिलांना विचारलं. गिदोंनी हातानंच नको म्हटलं. घरी आल्यावर ते नेहमीसारखे बाहेर गेले आणि पिकअपची वायर प्लगला लावून आले. आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं.

"त्यांना ऐकू आलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "कान गेलेत त्यांचे. देवानंच वाचवलं."

लारिसाला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

सकाळी आई खाली यायच्या आधी गिदो टेबलाशी बसले होते. पुढ्यात काळ्या पावाचा टोस्ट आणि लिंबू घातलेला चहा. पार्ट आला का, हे त्यांनी विचारलं नाही. लारिसानं वाट पाहिली. चहा निवला तरी त्यांनी विचारलं नाही.

"गिदो," शेवटी तीच म्हणाली, "तो पार्ट येणार नाही. काही बिघडलेलंच नाही. बॅटरी आम्ही काढली. टोरांटोचं मी रचलं."

"बटाट्यामागे आहे. माहितीय." त्यांनी टोस्टचा करपलेला भाग सुरीनं खरवडला. "ह्या घरात तळघरातून बटाटे वर कोण आणतं, पोरी?"



"मग रोज विचारायचात कशाला?"

"तुझ्या आईला मला कधी नाही म्हणता आलेलं नाही. एवढीशी होती तेव्हापासून. 'टाटो, आता गाडी चालवू नका' म्हणायचं तर तिचा जीव गेला असता. तू तिची सोय केलीस." त्यांनी सुरी खाली ठेवली. "माझीही केलीस. कॉफीला बसतो तिथे सांगतो, गाडी दुरुस्तीला आहे. पार्ट यायचाय तोवर मी गाडीवाला माणूस आहे."

"पण काल मी..."

"काल छान बोललीस. सगळं ऐकलं मी. छाती फुगली माझी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिला मात्र वाटतंय, मी काही ऐकलं नाही. तसंच वाटू दे."

"म्हणजे आता आईशी खोटं बोलू?"

"मी कुठे म्हटलं तसं?" गिदोंच्या डोळ्यांत खट्याळ हसू आलं. "तुम्ही पोरं म्हणता ना? समजा. समजा, मी बहिरा आहे."

जिना वाजला. आई आत आली. रात्रभर झोप नसल्यासारखे तिचे डोळे सुजले होते. किटली उचलून ती तशीच उभी राहिली, आधी वडिलांकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ओलेना," गिदोंनी लोण्याचं भांडं पुढे ओढत नेहमीच्या आवाजात विचारलं, "पार्ट आला का गं?"

आईचे खांदे एकदम सैल पडले.

"नाही अजून, टाटो. पुढच्या आठवड्यात म्हणतायत." ती लारिसाकडे वळली. "हो ना गं? तूच फोन केला होतास ना?"

लारिसानं गिदोंकडे पाहिलं. ते मान खाली घालून टोस्टला कोपऱ्यापर्यंत लोणी लावत होते.

"हो," ती म्हणाली. "टोरांटोत बर्फ फार पडलाय म्हणे."