पिवळ्या फितीचं झाड

क्रेसेंझला गावात कुणी चिकट म्हणत नसे. जे सगळ्यांना दिसतंय ते बोलून कशाला दाखवायचं? तिच्याकडे कॉफी प्यायला बसलं की कपाच्या तळावरची फुलं मोजता येत, इतकी ती कॉफी पातळ. पण सफरचंदाचा रस काढावा तो क्रेसेंझनेच. गावाने हे विसरू नये म्हणून दर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना ती स्वतःच आठवण करून द्यायची.

बोडन तळ्याच्या वरच्या अंगाला प्रत्येक गावात रसाचा घाणा आहे, तसा आमच्याकडे झावरचा. ज्याच्याकडे घाणा भरेल इतकी फळं, त्याला त्याच्याच फळांचा रस. ज्याच्याकडे टोपलीभर, त्याने ती सामाईक हौदात ओतायची आणि सगळ्यांच्या मिळून निघालेल्या रसातल्या आपल्या वाट्याच्या बाटल्या न्यायच्या. हौदाच्या रसाला क्रेसेंझ ‘बारभाईंचा काढा’ म्हणे. यात एकाची सडकी, एकाची कच्ची आणि तिसऱ्याच्या फळातली अळी असते, असं ती हौदाशी उभं राहूनच सांगायची. रांगेतल्या बायका ऐकून घ्यायच्या. बायकांना ऐकून घेता येतं. विसरता येत नाही, एवढंच.

त्या वर्षी तिला नात झाली. सून इम्के हॅम्बुर्गची. म्हणजे मुलगी चांगली, पण सफरचंद खोक्यात उगवतं अशा समजुतीत वाढलेली. बारसं, म्हणजे चर्चमधला बाप्तिस्मा, ऑक्टोबरात ठरलं आणि विहीणबाईंनी आधीच भेट पाठवली. मोठी करंडी, तिला पिवळी रेशमी फीत, आणि आत दुकानच्या सफरचंद-रसाची खोकी. क्रेसेंझने एक फोडून पेल्यात ओतला. रसातून पलीकडचं भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ दिसत होतं. याला रस म्हणायचं की पाणी?

फोनवर विहीणबाई म्हणाल्या, तुम्हाला या वयात दगदग नको म्हणून पाठवला. ‘या वयात’ हे शब्द क्रेसेंझला थेट पोचले. ती म्हणाली, “विहीणबाई, बारशाच्या टेबलावर माझ्या झाडाचा रस असेल. नुसत्या माझ्या झाडाचा, त्यात दुसऱ्याचं एक फळ नाही. नसला, तर तुमची खोकी मी माझ्या हाताने मांडीन आणि पहिला पेला मी पिईन.”

इम्के बाळाला घेऊन शेजारीच उभी होती. म्हणजे साक्षीदारही झाला.

हे बोलताना क्रेसेंझ एक गोष्ट विसरली नव्हती, ती तिला पक्की ठाऊक होती. एप्रिलात फुलं ऐन भरात असताना हिमकडाका पडला होता आणि सबंध गावचा मोहर एका रात्रीत काळा झाला होता. वाचलं होतं सफरचंदाचं एकच झाड, टेकडीवरच्या छोट्या चर्चच्या भिंतीआड उभं असलेलं क्रेसेंझचं लुइकन जातीचं. तिच्या सासऱ्याने लावलेलं, घराएवढं उंच, आणि त्या वर्षी लालबुंद फळांनी वाकलेलं. गावात दुसऱ्या कुणाकडे फळ नाही आणि आपल्याकडे घाणाभर आहे, या सुखात तिचा उन्हाळा फार छान गेला होता.

आता अशा झाडावर नजरा असणारच. म्हणून फळं उतरवायच्या दोन दिवस आधी तिने करंडीवरची ती पिवळी फीत सोडली (विहीणबाईंची एक तरी वस्तू कामी आली), टेकडी चढली आणि फीत झाडाच्या बुंध्याला घट्ट बांधली. लांबून दिसावी अशी. झाडाला मालक आहे आणि मालकाचं लक्ष आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं.

तालुक्यातल्या झाडून सगळ्या पोरासोरांना ठाऊक होतं की झाडाला पिवळी फीत म्हणजे ‘या, तोडा, मालकाची हरकत नाही’. फळं वाया जाऊ नयेत म्हणून ग्रामकचेरीने तशी पद्धतच पाडली होती. गावाच्या पत्रकात ते दर शरदात छापून येई. क्रेसेंझ पत्रक नेमाने घेई, फुकट होतं म्हणून. ते कोंबड्यांच्या खुराड्यात पसरायला बरं पडे. वाचायचं काम रिकामटेकड्यांचं.

शनिवारी सकाळी ती मुलाला, लोरेन्झला, शिडी आणि पोती घेऊन टेकडीवर गेली. झाड मोकळं झालं होतं. फार शिस्तीने. एक फांदी मोडली नव्हती, गवतातली पडकी फळंसुद्धा वेचून नेली होती. शेंड्याला मात्र, जिथे कुणाचा आकडा पोचला नाही, तिथे थोडी फळं लटकत होती. भिंतीशी शाळेच्या बाई शेवटची टोपली सायकलला बांधत होत्या. त्या लगबगीने पुढे आल्या आणि क्रेसेंझचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, अशा वर्षी असं मन दाखवणं सोपं नाही.

क्रेसेंझने आधी फितीकडे पाहिलं, मग बाईंकडे. लोरेन्झने तिच्या कानाशी लागून फितीचा अर्थ सांगितला. खरं बोलावं तर सत्तर वर्षांची शहाणी बाई अडाणी ठरत होती. खोटं बोलावं तर दानशूर. तिने मान ताठ केली.

“द्यावं माणसाने,” ती म्हणाली.

बाई गेल्यावर ती मुलाकडे वळली. “फीत तुला परवाच दिसली होती ना? मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, नात झाली म्हणून तुझं मन मऊ झालं.”

“माझं मन? डॉक्टर तर असं काही म्हणाला नाही.”

लोरेन्झला शेंड्यावर चढवून तिने उरलेली फळं उतरवून घेतली. एक बादली भरली. ती बादली घेऊन क्रेसेंझ झावरच्या घाण्यावर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा हौदाच्या रांगेत उभी राहिली.

घाण्याचं काम तेव्हा जोरात चालतं. फळं पाण्यातून धुऊन वर येतात, चरकात ठेचली जातात, तो लगदा फडक्यांत गुंडाळून थरावर थर रचतात आणि वरून दाब उतरला की कडेने तपकिरी रस पाझरायला लागतो. मग तो तापवून गरम गरम बाटल्यांत भरायचा. गांधीलमाश्या सगळ्यांच्या आधी हजर.

झावरने बादलीत डोकावून पाहिलं. “मावशी, एवढ्यावर घाणा नाही चालणार. थर नीट बसत नाहीत, फडकी फाटतात.”

“मला घाणा शिकवू नकोस. हौदात काय काय आहे ते सांग.”

झावर बोटांवर मोजत सांगू लागला. शाळेच्या बाईंची फळं, कुठली, तर चर्चच्या भिंतीमागची. पाद्रीबाबांची, तिथलीच. बेकरीवाल्याची, तिथलीच. या वर्षी गावात दुसरं फळ होतंच कुठे? “मावशी, हा हौद म्हणजे तुमचं झाडच आहे आडवं झालेलं.”

क्रेसेंझच्या मनाने उडी मारली. नुसत्या माझ्या झाडाचा, दुसऱ्याचं एक फळ नाही! बारभाईंच्या काढ्यात तिचा शब्द जसाच्या तसा तरंगत होता. तिने बादली रिकामी केली आणि वाट्याच्या बाटल्या घरी कशा न्यायच्या याचा विचार करत ती वळली, तर मागे नोटबुर्गा उभी. हातात टोपली, टोपलीत घराच्या उबदार भिंतीला टेकून वाढवल्याने हिमकडाक्यातून वाचलेली, पिकली तरी तुरटच राहणारी नासपती. ही नोटबुर्गा दरवर्षी हौदाच्या रांगेत पुढे असायची, आणि अळीची गोष्ट तिनेच सगळ्यात जास्त वेळा ऐकली होती.

नोटबुर्गाने टोपली हौदाच्या काठावर टेकवली.

“थांब,” क्रेसेंझ म्हणाली.

“का गं बाई? सामाईक हौद आहे. एकाची सडकी, एकाची कच्ची, तुझंच म्हणणं.”

“आज नको ओतूस. उद्या ओत.”

“उद्या का?”

रांगेने कान टवकारले. चरकसुद्धा नेमका तेव्हाच थांबला, की झावरने थांबवला, देव जाणे. क्रेसेंझने कारणं शोधली. नासपती कच्ची आहे म्हणावं तर ती पिकलेली होती. तब्येत म्हणावं तर सगळ्यांनी तिला टेकडी चढताना पाहिलं होतं. एकच कारण उरलं, ते खरं होतं, आणि खऱ्याची तिला सवय होती ती दुसऱ्यांना ऐकवायची.

“विहिणीला शब्द दिलाय,” ती म्हणाली. “माझ्याच झाडाचा रस टेबलावर ठेवीन म्हणून. आणि ती फीत मी दान म्हणून बांधली नव्हती. कुणी हात लावू नये म्हणून बांधली होती. मला ठाऊक नव्हतं. झालं समाधान?”

नोटबुर्गाने टोपली काठावरून उचलली, पण कमरेवरच ठेवली.

“तुला ठाऊक नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं गं.”

“कुणाला?”

“सगळ्या गावाला. क्रेसेंझ आपणहून झाड सोडते म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसणार? म्हणून तर घाई केली. तुला कुणी पत्रक वाचून दाखवायच्या आत.”

शाळेच्या बाई गांधीलमाशी हाकलण्यात फारच गुंतल्या. पाद्रीबाबांची हाउसकीपर छताकडे पाहू लागली. क्रेसेंझने एकेकीकडे पाहिलं. सगळ्याजणींनी मिळून तिला लुटलं होतं, वर तिचे आभार मानले होते, आणि तिने ते मान ताठ करून स्वीकारलेही होते. शिव्या द्यायला तोंड उघडावं तर हौद त्यांच्या ताब्यात होता.

“बारशाला किती वाजता यायचं?” नोटबुर्गाने विचारलं.

“कोण येतंय?”

नोटबुर्गाने टोपली पुन्हा काठावर टेकवली.

“चर्च सुटल्यावर,” क्रेसेंझ म्हणाली. “सगळ्याच या. आपापल्या बाटल्या घेऊन या म्हणजे झालं.”

नोटबुर्गाने टोपली तशीच घरी नेली. आणि बारशाला त्या आल्या. रस टेबलावर आला, गढूळ, तपकिरी सोन्यासारखा, जिभेवर गोड आणि घशाशी जाताना जरासा आंबट. हॅम्बुर्गच्या विहीणबाईंनी पेला उजेडात धरला. पलीकडचं घड्याळ काही दिसेना. त्यांनी विचारलं, इतक्या बायका बाटल्या घेऊन आल्या, मग हा रस नक्की कुणाचा?

“क्रेसेंझच्या झाडाचा,” नोटबुर्गा म्हणाली. “नुसत्या तिच्या. अख्खं झाड गावाला दिलं हो तिने. अशी बाई आहे.”

इम्केने चमकून सासूकडे पाहिलं. सासू मान ताठ करून केक कापत होती, तुकडे नेहमीसारखेच बारीक.

विहीणबाई प्यायल्या. मग त्यांनी पेला दुसऱ्यांदा पुढे केला. करंडीतली खोकी स्वयंपाकघरातच राहिली.

क्रेसेंझने पेला घेतला आणि अर्धाच भरला. दानाला काही सीमा असते की नाही.