तव्यावरची मिश्री

रविवारी सकाळी माधवीच्या घरात कुणाला धड श्वास घेता येत नसे. तिच्या सासूबाई, रुक्माबाई, तव्यावर तंबाखू भाजायला बसायच्या. पान काळंठिक्कर पडलं की कुटून डबीत भरायचं आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासायचं. निपाणी भागात कितीतरी घरांत ही मिश्री अशीच बनते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

माधवीलाही वाटलं नव्हतं. लग्नानंतर तिची दाढ दुखायला लागली, तेव्हा सासूबाईंनीच बोटावर चिमूटभर घेऊन सांगितलं होतं, “लाव गं, ठणका जातोय.” ठणका गेला, सवय राहिली. माधवी बोरगावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. रोज मोरीत उभी राहून मिश्री लावायची आणि तोंडात वेलची टाकून शाळेला निघायची.

एके दिवशी वर्गात पदार्थांतले बदल शिकवणं चालू होतं. “मेण वितळलं तरी मेणच राहतं. तो भौतिक बदल. कागद जळला की राख आणि धूर होतो, म्हणजे नवीन पदार्थ तयार होतात. तो रासायनिक बदल.”

दिपाली उभी राहिली. “बाई, आमची आई तंबाखू चुरती तो भौतिक आणि भाजती तो रासायनिक, व्हय?”

“बरोबर.”

“मग भाजल्यावर कसला नवीन पदार्थ होतोय? आई तर रोज तोंडात घालती.”

वर्ग हसला. माधवीला उत्तर ठाऊक होतं, पण तिनं ते टाळलं. “हे परीक्षेत येणार नाही. बस खाली,” ती म्हणाली.

मनात बोच घेऊन ती घरी आली, तर सासूबाईंचं ताट तसंच पडलेलं. “गालात फोड आलाया. तिखट लई झोंबतंय.”

माधवीनं बॅटरी लावून बघितलं. फोड कसला, गालाला आतून खड्डा पडला होता.

“आत्ती, कधीपासून आहे हे?”

“पावसाळ्याच्या आधीपासनं. मिश्रीनं बसंल म्हणून दाबून लावत हुते.”

“मिश्रीनंच झालंय हे!”

“काय बोलतीस? पान हाय ते. भाजलं म्हणून काय इख झालं?”

“तंबाखू मुळातच विषारी आहे, आत्ती. भाजल्यावर त्यात आणखी घातक पदार्थ तयार होतात.”

रुक्माबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं. “मग तू का लावतीस?”

माधवीनं दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी गालाचा तुकडा काढून तपासायला दिला. कर्करोग जबड्यापर्यंत गेला होता. मग त्यांनी माधवीचे काळपट दात बघितले आणि तिलाही तोंड उघडायला लावलं. गालात पांढरा चट्टा होता.

“आजपासून मिश्री बंद केलीत तर हा जाऊ शकतो,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंचं मात्र तसं सांगता येत नाही.”

रुक्माबाईंनी ते ऐकलं. ऑपरेशननंतर त्यांना नीट बोलता येईना. सुनेचा हात धरून त्या कशाबशा म्हणाल्या, “माझ्या हातानं... लावली गं तुला.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, आत्ती. मला तर माहीत होतं!” माधवीला रडू आवरेना.

माधवीनं मिश्री सोडली. शाळेत जाऊन तिनं सगळ्या वर्गासमोर दिपालीला सांगितलं, “तुझा प्रश्न बरोबर होता. मीच उत्तर द्यायचं टाळलं.” मग तिनं मुलांच्या आयांना शाळेत बोलावलं. रुक्माबाई हट्टानं आल्या. माधवीचं बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला. त्यांचा अर्धा जबडा काढलेला होता. दिपालीची आई उठून त्यांच्याजवळ गेली आणि पायाशी बसून राहिली.

दिपालीच्या आईनंही मिश्री सोडली. आणखी काहीजणींनी सोडली. बाकीच्या घरांत आजही तवा तापतो. रुक्माबाई उन्हाळा लागता लागता गेल्या.

वाचकहो, सवय जुनी असली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. आणि ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्याचं शिक्षण कुणाच्याच कामाला येत नाही. तुमच्या घरी कुणी मिश्री लावत असेल, तर संकोच करू नका. आजच त्यांना उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा!