तिसरं बोट

शेवटचा साधा दिवस रविवारचा होता, आणि त्या दिवशी घरातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे स्वयंपाकघरातला गळका नळ. लेक त्यासाठीच आली होती. नळवाला येतो येतो म्हणत फिरकला नव्हता, म्हणून ओट्याखालचे डबे बाहेर काढून, पाना घेऊन ती स्वतःच आत शिरली होती. आई टॉर्च धरून उभी होती आणि नळ सोडून सगळीकडे उजेड पाडत होती.

बाहेरच्या खोलीत बाबा वाजवत होते. वाजवत होते म्हणजे गाणं नव्हे. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं हॉटेलांतल्या बँडमध्ये लीड गिटार वाजवली होती आणि आता घरीच क्लास घेत होते. पण घरात त्यांनी आख्खं गाणं वाजवलेलं कुणाला आठवत नव्हतं. घरात वाजायचे ते हातांचे व्यायाम. डाव्या हाताची चार बोटं गिटारच्या दांडीवरच्या चार फ्रेटवर, एकामागून एक, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत आणि परत. मग एक फ्रेट पुढे सरकून पुन्हा तेच. उजव्या हातातली तार छेडायची पिक एकदा खाली, एकदा वर, काही झालं तरी लागोपाठ दोनदा एकाच दिशेला नाही. शेजारच्या स्टुलावर मेट्रोनोम. त्याच्या ठोक्यावर सूर पडला पाहिजे, ठोक्याच्या आसपास नाही.

"लग्न ठरलं तेव्हा सगळी चौकशी केली होती आमच्या दादांनी," आई टॉर्च हलवत म्हणाली. "मुलगा निर्व्यसनी आहे, कुठे भानगड नाही. ही टकटक करणारी सवत कुणाच्या लक्षातच आली नाही."

"आई, उजेड इकडे."

"इकडेच आहे की."

लेकीने पाना लावला. डाव्या हाताने जोर द्यायचा होता. नट अर्धा वेढा फिरला आणि मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. तिने हात बदलला. उजवा हात आत नेण्यासाठी तिला जवळजवळ आडवंच व्हावं लागलं. तशी आडवी असतानाच तिला ते ऐकू आलं. पहिलं बोट, दुसरं बोट, ठोका, आणि मग तिसरं. चौथं पुन्हा वेळेवर. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण तिचे कान बाबांनी घडवले होते.

"बाबा, तिसरं बोट मागे राहतंय," ती ओट्याखालूनच म्हणाली.

वाजणं थांबलं. "कोण बोललं? पाइप?"

"मी बोलले."

"मला वाटलं, आता पाइपसुद्धा शिकवायला लागले." खुर्ची करकरली. "राहतंय मागे. मला काय ऐकू येत नाही?"

"कधीपासून?"

"आहे थोडे दिवस. सराव कमी पडला."

"तुमचा? सराव?"

"मग कुणाचा, तुझा?"

ती बाहेर आली, हात पुसत दारात उभी राहिली. बाबांनी मेट्रोनोमचं चाक फिरवून ठोका आणखी खाली आणला होता. इतका खाली, की दोन ठोक्यांमध्ये माणसाने एक वाक्य बोलून घ्यावं. "बोट म्हणजे सांगकाम्या असतो," ते म्हणाले. हे ती शाळेत असल्यापासून ऐकत होती. "कळेल अशा बेताने सांगितलं की ऐकतो. घाई केली की गोंधळतो."

"हात दाखवा बघू."

"ज्योतिषी झालीस का?"

"मुंग्या येतात का? डॉक्टरांना एकदा दाखवून या."

"डॉक्टर काय गिटार शिकवतो?" त्यांनी डावा हात गिटारच्या मागे नेला. मग तिच्याकडे न बघता, चाकाकडे बघत विचारलं, "नळ झाला? की कंटाळलीस?"

आईने टॉर्च बंद केला. या घरात तो शब्द पडला की आई काहीतरी बंद करायची, गॅस, खिडकी, हाताशी येईल ते.

'कंटाळलीस' या शब्दाला वय होतं. लेक कॉलेजात होती तेव्हाचा तो शब्द. तोवर ती बाबांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती. बाबा तसं कधी म्हणाले नव्हते. बाबांची पद्धत अशी, की एखादा व्यायाम एका वेगाला स्वच्छ वाजला की चाक हातभर नाही तरी बोटभर पुढे सरकायचं. स्वच्छ वाजवण्याचं बक्षीस म्हणजे आणखी अवघड तेच. गाणं कधी वाजवायचं, असं तिने विचारलं की ते म्हणत, "हात तयार होऊ दे." ती तयार करत राहिली. तारा ओलांडून उड्या, पिक न लावता नुसती बोटं आपटून सूर काढणं, करंगळी ताणून धरायची आणि बाकीची बोटं तिच्याभोवती नाचवायची. लोक तिच्या हाताकडे बघत राहत. बोट ठेवायला जागा नव्हती तिच्या वाजवण्यात.

मग मनगट दुखायला लागलं. आधी वाजवून झाल्यावर, मग वाजवताना, मग सकाळी उठल्यावर आपोआप. कपडे पिळताना हात सुटायचा. वेणी घालताना कंगवा खाली पडायचा. एकदा क्लासला येणाऱ्या एका मुलाने बाबांना सांगितलं, सर, हात दुखतोय. बाबा सगळ्यांसमोर हसले. "दुखणं हा बहाण्याचा सगळ्यात सोपा प्रकार. ठोका कमी कर आणि पुन्हा." मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याच्या मागे बसलेली लेक आपला हात मांडीखाली घालून ऐकत होती.

नंतर एका दुपारी तिने गिटार पेटीत ठेवली आणि बाबांना म्हणाली, "मला कंटाळा आला."

"कंटाळा," असं म्हणून त्यांनी तो शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "बरं." बस, तेवढंच. पण पुढे आल्यागेल्याला, पाहुण्यांना, नव्या विद्यार्थ्यांना ते सांगत राहिले: आमची लेक वाजवायची, हं. हात असा होता. कंटाळली. तिच्या लग्नात सांगितलं, तिच्या घटस्फोटानंतर एकदा सांगितलं, ती ग्रंथालयात मोठ्या जागेवर गेली तेव्हाही सांगितलं, जणू काही ती जागा त्या कंटाळ्याचीच भरपाई होती. तिने ब्र काढला नाही. सुरुवातीला भीतीने, मग रागाने, आणि शेवटी तर ती गोष्ट एवढी जुनी झाली की आता उकरायची म्हणजे हसंच व्हायचं. मनात एक हिशेब मात्र तिने जपून ठेवला होता: आपण बहाणेबाज ठरलो नाही, आळशी ठरलो. त्यातल्या त्यात बरं.

"नळ झाला," ती त्या रविवारी म्हणाली.

"बघ, गळत असेल."

"नाही गळत."

जाताना ती म्हणाली, "येते." बाबा हळूहळू, एकेक सूर, भिंत बांधावी तसे वाजवत होते. मान वर न करता म्हणाले, "दार नीट ओढून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करताना पडले. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. ते जेमतेम आठवडाभर जगले, आणि त्यातही बोलले नाहीत.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आधी काही लक्षण? हातात अशक्तपणा, काही सुटून पडणं?"

"छे," आई म्हणाली. "हात तर दिवसभर चालू असायचे त्यांचे."

"तिसरं बोट उशिरा येत होतं," लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "म्हणजे?"

"ठोक्यानंतर पडत होतं. अगदी थोडंसं."

"तुम्हाला दिसलं?"

"ऐकू आलं."

डॉक्टरीणबाईंनी काय लिहावं ते न कळून काहीच लिहिलं नाही. कधीपासून, असं विचारलं. आईला माहीत नव्हतं. लेक घरी कपडे आणायला गेली तेव्हा तिला त्याचं उत्तर मिळालं, कारण मेट्रोनोमचं चाक तसंच होतं. बाबा अजून कितीतरी वेगाने वाजवत, हे ती जाणून होती. आणि चाक होतं तिथे, जिथे ते अगदी नवख्या माणसाला बसवत. इतका वेग एका दिवसात कुणी उतरवत नाही. आठवडे गेले असणार. रोज एक बोट मागे पडत होतं, आणि रोज ते त्याच्यासाठी थोडं आणखी थांबत होते. आपलं शरीर हातातून निघालंय आणि आपण त्याला तालीम देतोय, असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात कुणी केली नसती. तिला त्यांची कीव आली आणि त्यापाठोपाठ असा संताप आला, की ती कपड्यांची पिशवी तिथेच टाकून खाली बसली. हात बहाणा करतोय असं वाटलं होतं का तुम्हाला, बाबा? स्वतःचासुद्धा?

ते गेल्यावर महिन्याभराने, क्लासच्या वारी, सगळी जमली. कुणी बोलावलं नव्हतं, सवयीने आली. चौघं विद्यार्थी, आणि बाबांच्या बँडमधले ड्रमवाले काका, जे बाबांशी आयुष्यभर भांडले आणि आता सगळ्यात जास्त रडत होते. आईने चहा केला. बाबांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, त्यामुळे जागा कमी पडली आणि काका दारातल्या चपलांच्या कपाटावर टेकले.

"शेवटपर्यंत वाजवत होता," काका म्हणाले. "काय निष्ठा म्हणायची. आम्ही ताल सांभाळायचो, हा तालाला शिस्त लावायचा."

"आदल्या दिवशीसुद्धा," आई म्हणाली. ते ती आता सगळ्यांना सांगायची, आणि त्यातून तिला काही मिळत होतं, म्हणून लेक गप्प बसायची.

विद्यार्थ्यांत एक दातांची डॉक्टर होती. पन्नाशीची, हौसेने शिकायला लागलेली, बाबांची लाडकी. तिने चहाचा कप उजव्या हाताने उचलला. डाव्या मनगटावर पट्टा होता. "आम्ही ठरवलंय, क्लास बंद पडू द्यायचा नाही," ती म्हणाली. "सरांचे व्यायाम सरांच्या क्रमाने करायचे. मी तर एक दिवस खाडा केलेला नाही."

"आणि हे?" लेकीने पट्ट्याकडे बघून विचारलं.

"हे काही नाही हो, ताई. थोडं सुजतं. दवाखान्यात आरसा धरते ना डाव्या हातात, तो जरा थरथरतो. सरांना सांगितलं होतं." ती कौतुकाने हसली. "सर म्हणाले, बहाणे नकोत. ठोका कमी करा."

काका हसले. "अगदी तोच."

"सरांच्या हाताकडे मीसुद्धा बघायचे," दातांची डॉक्टर म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "शेवटी शेवटी एक बोट अडखळायचं. मी म्हटलं, बघा, एवढा मोठा माणूस, तरी परत पहिल्यापासून सुरू करतोय. मी डॉक्टर असून मला तेवढंच सुचलं."

काकांनी घसा साफ केला. "तू घे ना क्लास," ते लेकीला म्हणाले. "तुझ्याइतके कान कुणाचे नाहीत. त्याला बरं वाटेल. आता तरी कंटाळू नकोस म्हणजे झालं."

"तिला लहानपणापासून जरा आळसच," आई पुटपुटली. त्यात राग नव्हता. नवऱ्याचं एखादं वाक्य वापरायला मिळालं, एवढंच तिचं सुख होतं.

लेकीने दातांच्या डॉक्टरकडे पाहिलं. तिने तो पट्टा लावलेला हात मांडीखाली घातला होता.

"तुम्ही थांबा," लेक म्हणाली. "गिटार पेटीत ठेवा आणि हात कुणाला तरी दाखवा. उद्याच."

"पण सरांनी..."

"सरांना कळत नव्हतं."

काका कपाटावरून उठले. "हे असं म्हणू नये, पोरी. आता तो नाही उत्तर द्यायला."

"उत्तर ते कधी देतच नव्हते, काका. फक्त आमची तपासायचे."

"अगं," आई म्हणाली, आणि इकडेतिकडे पाहू लागली. बंद करण्यासारखं काही हाताशी नव्हतं. "त्यांनी तुला एवढं शिकवलं. तूच सोडलंस. त्यांच्या मनाला किती लागलं होतं, तुला माहीत नाही. एकदा मला म्हणाले, हिला असं काय कमी केलं मी, की कंटाळावी."

हे लेकीने कधी ऐकलं नव्हतं. बाबा घरभर, गावभर बोलले होते. हे मात्र फक्त आईला, आणि तेही प्रश्न म्हणून. म्हणजे त्यांना विचारायचं होतं. आणि तिच्याकडे उत्तर होतं, सबंध काळ, डाव्या मनगटात. दोघांपैकी कुणी एक पायरी उतरलं असतं तर ते उत्तर त्यांना स्वतःच्या बोटासाठीही उपयोगी पडलं असतं. पडलं असतं की नाही, कोण जाणे. कदाचित ते हसलेच असते, सगळ्यांसमोर, त्या मुलाला हसले तसे.

ती उठली. सगळी तिच्याकडे बघत होती, पण ती वळली त्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ग्रंथालयात कुणाला कुठलं कपाट कुठे आहे ते सांगावं तसा.

"बाबा, मला कंटाळा नव्हता आला. माझा हात दुखत होता. फार दुखत होता."