झुम्रेताचे गुलाब आणि एकशिंगी मेंढा

हासिबने बायरामच्या, म्हणजे बकरी ईदच्या, कुर्बानीसाठी मेंढा आणला, तेव्हाच त्याची बायको झुम्रेता म्हणाली, "माझ्या गुलाबांजवळ हा दिसला, तर कुर्बानी तुमची होईल."

झुम्रेताच्या गुलाबाच्या सरबताला व्रबास नदीच्या दोन्ही काठांवर नाव होतं. बाई पोकळ धमकी देत नसे. म्हणून मेंढा शेजारच्या नेदेल्कोच्या गोठ्यात राहिला. आमच्या गावात एकाच्या सणाचं जनावर दुसऱ्याच्याच गोठ्यात सापडतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

बायरामच्या आदल्या दिवशी नेदेल्कोने गाडी धुऊन आरशासारखी लखलखीत केली. तिच्या दाराच्या पत्र्यात मेंढ्याला दुसरा मेंढा दिसला. पवित्रा घ्यायला तो मागे सरकला. नेदेल्को म्हणतो, चर्चपर्यंत. मी सांगतो, नदी ओलांडून पलीकडे गेला होता. तिथून जो सुटला, तो थेट दारावर. शिंग मुळासकट निखळलं आणि पत्र्यात रुतून बसलं. नेदेल्को अजूनही त्यालाच धरून गाडीचं दार उघडतो.

इमामसाहेबांनी मेंढ्याभोवती एक चक्कर मारली. "कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं. हा नाही चालायचा." तोवर मेंढ्याने त्यांच्या झग्याची बाही चघळायला घेतली होती.

नेदेल्को ओशाळला. "हासिबभाऊ, माझ्या दारात मोडलं. तू माझा मेंढा घे, हा मी ठेवतो. डिसेंबरात आमच्या घराण्याच्या संताचा सण आहे, संत निकोलाचा. तेव्हा अख्खा भाजतो. सगळ्यांनी यायचं."

डिसेंबरात आम्ही सगळे गेलो. मी सकाळपासून उपाशी होतो. निखारे फुलले होते, सळई तयार होती, आणि नेदेल्कोची बायको स्लावोइका कंबरेवर हात ठेवून बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"मेंढा भाजतोय."

"नाताळच्या आधीचा उपास आहे ना तुझा?"

"आहे."

"तुझ्या बापाने निकोलाच्या दिवशी जन्मभर काय खाल्लं?"

"मासे," नेदेल्को पुटपुटला.

"मग या मेंढ्याला पोहता येतं का?"

आम्ही मासे खाल्ले. पाहुण्यांतला अंतो काटे काढता काढता म्हणाला, "मला द्या. आम्हा कॅथलिकांचा नाताळ तुमच्या आधी, पुढच्याच आठवड्यात आहे. आणि आमचा उपास त्या दिवशी सुटतो."

पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात येशूजन्माचा जिवंत देखावा असतो, आणि त्यात मेंढरू लागतंच. अंतोने यालाच उभा केला. बाळ येशू म्हणून निजवलेली अंतोची भाची असा टाहो फोडत होती की घंटासुद्धा ऐकू येईना. मेंढ्याने मान खाली घातली. पोरीने ते एकच शिंग मुठीत धरलं आणि गाढ झोपली. बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले.

सकाळी अंतो सुरीला धार लावायला बसला, तर आई दारात उभी.

"बाळ येशूला झोपवणाऱ्याला कापतोस?"

अंतोने सॉसेज खाल्ले. मेंढा परत हासिबकडे आला, आणि उन्हाळ्यात निम्मी गुलाबाची झाडं त्याच्या पोटात गेली.

"हे बघा," झुम्रेता नवऱ्याला म्हणाली, "या बायरामला दोन शिंगांचा आणा, आणि याला कुठंही द्या. नाहीतर मी माहेरी जाते."

हासिबने मोठ्या देखण्या शिंगांचा मेंढा आणला आणि जुन्याच्याच शेजारी बांधला. मी म्हटलं, "लांब बांध." तो म्हणाला, "ओळख होऊ दे."

ओळख झाली. आवाज नदीपलीकडे गेला.

इमामसाहेब फाटकापर्यंत आले, दोन मेंढ्यांची मिळून दोन शिंगं पाहिली, बाही सावरली आणि तसेच परत फिरले.

"माझ्याकडे बघू नकोस," नेदेल्को म्हणाला. "आमच्याकडे मासेच."

"देखाव्यात आणखी एक चालेल," अंतो म्हणाला.

आता हासिबच्या अंगणात एकशिंग्यांचा कळपच आहे. दर बायरामला एकाची भर पडते. आमच्या देशात ज्याला त्याला आपापल्या धर्माच्या सणाची सुट्टी मिळते. सगळ्या धर्मांच्या सणांना सुट्टी असणारे फक्त हे मेंढेच.

झुम्रेता माहेरी गेली नाही. तिने गुलाबांच्या जागी कांदे लावले. मेंढे कांद्याला तोंड लावत नाहीत, असं हासिबने तिला शपथेवर सांगितलं होतं.

हासिब सध्या नेदेल्कोच्या गोठ्यात राहतो.